मेंदीतली मकडी

अब्बा पॉलिश गालाने तपासायचे. खुर्चीच्या हातावर शेवटचा बोळा फिरवून झाला की ते खाली वाकत, डोळे मिटत आणि उजवा गाल हलकेच लाकडाला टेकवत. कुठे खरखर लागली की "हं" म्हणून पुन्हा बोळा उचलत. हा माणूस खुर्चीच्या कानात काही सांगतोय, असं पाहणाऱ्याला वाटे. गिऱ्हाइकं कौतुक करत. कसबी कारागिराची ही खास रीत असणार, असं आम्हा घरच्यांनाही वाटत होतं. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला गेलो तेव्हा कळलं की ही रीत नव्हती. अब्बांना दिसत नव्हतं. उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं, आणि ते त्यांनी आमच्यापासून किती दिवस लपवलं होतं, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

यवतमाळातलं आमचं घर म्हणजे पुढे अब्बांचं काम चालायचं ती पडवी, मागे दोन खोल्या आणि त्यामागे अंगण. सकाळ व्हायची ती लाकूड घासण्याच्या आवाजाने. रेगमालाचा, म्हणजे त्या खरखरीत कागदाचा, सर्र सर्र आवाज मधेच थांबला की अम्मा चुलीवरून हाक मारून विचारायची, "क्या हुआ जी?" "कुछ नई," असं उत्तर आलं आणि आवाज पुन्हा सुरू झाला की तिचा हात भाकरीवर पडायचा. स्पिरिटचा उग्र वास, त्यात भिजणाऱ्या लाखेच्या चपडीचा गोडसर वास आणि अंबाडीच्या आंबट भाजीला दिलेली लसणाची फोडणी, हे तिन्ही वास माझ्या कपड्यांना कायम असत. कॉलेजात माझ्या बाकावर बसणारी मुलं म्हणायची, "अजीज आला, आता नवीन कपाट आल्यावानी वाटून राह्यलं." मी हसायचो. घरी आम्ही आमची हिंदी बोलायचो, गल्लीत वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. तिन्ही भाषा मला आपल्याच वाटत. इंग्रजी मात्र परकी होती, आणि माझं सगळं भवितव्य तिच्यात अडकलं होतं.

अम्माचा सख्खा भाऊ वणीला होता. कोळसा वाहणाऱ्या ट्रकांची दुरुस्ती करायचा. अब्बांच्या डोळ्यांची गोष्ट उघडी पडली तसा मामू एक दिवस येऊन बसला, चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत म्हणाला, "परीक्षा हो गई के भेज दो इसको मेरे पास. बहुत हो गया मेंढक काटना." मामूचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. अब्बांचा हात थांबला की घर थांबणार होतं. पण आमच्या घराण्यात कोणी मॅट्रिकही झालेलं नव्हतं, आणि मला प्राणिशास्त्राचं वेड लागलं होतं. ते वेड लावलं पांढरीपांडे सरांनी. उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात नेहमी भिंग आणि चिमटा. त्यांचे स्वतःचे गुरू नागपूरला होते. सर मला म्हणाले होते, "तुला एम.एस्सी.ला तिथं जागा मिळेल, राहायची सोयही होईल. पण मी नुसता मुलगा हुशार आहे असं लिहिणार नाही. हुशार सगळेच असतात. तू एक जीव स्वतः शोधून, स्वतः ओळखून दाखव. मग लिहितो." म्हणजे माझ्यासमोर दोनच रस्ते होते, नागपूर किंवा वणी. आणि मधे एक जीव उभा होता, जो मला अजून सापडायचा होता.

सरांनी मला शोधायला कोळी दिले. फुलपाखरं सगळेच गोळा करतात, कोळ्यांकडे कोणी पाहत नाही, म्हणून. त्यांचा एक नियम होता आणि त्यात ते कोणाला सूट देत नसत. प्रत्येक नळीत चिठ्ठी हवी. तिच्यावर जागा, झुडूप, जमिनीपासूनची उंची, ज्यानं पकडलं त्याचं नाव आणि ज्यानं ओळखलं त्याचं नाव. "या चिठ्ठीत खोटं लिहिलंस, तर बाकीचं सगळं खोटं," ते म्हणायचे.

घरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरात मकडी, म्हणजे कोळी, मारत नसत. पैगंबरसाहेब गुहेत असताना तिच्या तोंडाशी मकडीनं जाळं विणलं, आणि पाठलाग करणारे ते अखंड जाळं पाहून माघारी फिरले, ही गोष्ट अम्मानं मला भाकरीच्या घासाबरोबर भरवलेली. ईदच्या आधी घर झाडताना ती केरसुणीच्या टोकावर मकडी अलगद घ्यायची आणि अंगणात नेऊन सोडायची. माझ्या पिशवीत काचेच्या नळ्या पाहिल्या तेव्हा ती एवढंच म्हणाली, "उसका एहसान है अपने पे. घर की चौखट के अंदर की, आँगन की भी, एक को भी हाथ मत लगाना. कसम खा." मी कसम खाल्ली. बाहेरच्या झुडपांबद्दल तिनं काही विचारलं नाही, मीही बोललो नाही.

म्हणून मी लोहाऱ्याला जायचो. आज तिथं कारखान्यांच्या शेडा आहेत आणि मोटारींची रांग लागते. तेव्हा पऱ्हाटीची शेतं होती आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गुडघ्याएवढा तरोटा माजलेला असे. मी पोटावर पडून त्या झुडपांच्या बुडाशी बघत राहायचो. एक म्हातारी कापूस वेचायला यायची, तिनं पहिल्याच दिवशी हटकलं.

"काहून रे बाप्पा, काय हरवलं?"

"काही नाही मावशी, कातीन पाह्यतो." वऱ्हाडीत कोळी म्हणजे कातीन.

"कातीन? तुह्या घरी नाई का? लय साफ घर दिसते तुह्या मायचं!" आणि ती एवढी हसली की ओटीतला कापूस सांडला. पुढं रोज विचारायची, "घावली का तुही नवरी?"

एका सकाळी घावली. तरोट्याच्या दोन पानांच्या मधे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, विस्कटलेल्या दोऱ्यांचं जाळं होतं. आपण चित्रात पाहतो तसं गोल, आखीव नव्हे. नुसता गुंता, आणि त्यातून खाली उतरलेले चार-दोन ताणलेले धागे. गुंत्यात मोहरीच्या दाण्याएवढा कोळी उलटा लटकलेला. तसे मी सात पकडले. नमुने बुडवून ठेवायला लागणारं कॉलेजातलं स्पिरिट संपलेलं होतं. दारूबंदीचे दिवस, ते परवान्याशिवाय मिळत नसे आणि कॉलेजचा अर्ज कुठेतरी अडकला होता. अब्बांना मात्र कामासाठी परवान्यावर मिळे. कोनाड्यातल्या, आमच्या बोलीत ताकातल्या, हिरव्या बाटलीतून मी न विचारता नळ्या भरून घेतल्या. अब्बांना विचारायला हवं होतं. या प्रकरणातलं सगळं दुःख त्या न विचारण्यातून आलं.

सरांनी नागपुराहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मागवून दिलं होतं. त्यात ओळखण्याची रीत अशी होती, की प्रत्येक पायरीवर दोन वाटा. डोळे असे असतील तर इकडे जा, तसे असतील तर तिकडे. मी शब्दकोश मांडीवर घेऊन एकेका वाक्यावर दोन-दोन दिवस काढले. आठ डोळे, दोन ओळींत. चौथ्या पायाच्या टोकाशी कंगव्यासारखी केसांची ओळ. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. कोळ्याचं घराणं, म्हणजे कूळ, पटलं होतं. नळीतल्या स्पिरिटला चहाच्या पाण्यासारखा फिकट रंग आला होता. स्पिरिटमध्ये कोळ्याचा रंग उतरतो असं पुस्तकातच होतं, म्हणून मी निर्धास्त होतो. नीट दिसावं म्हणून मी कोळी बाहेर काढून काचेवर वाळवायचो आणि मग भिंगाखाली घ्यायचो. पुढे एके ठिकाणी दोन वाटा फुटल्या. एक, पोट मंद, बिनचमकीचं, केसाळ. दुसरी, पोट चकचकीत, जणू वार्निश दिलेलं. मी भिंगातून पाहिलं. पोट आरशासारखं चमकत होतं. सातही जणांचं. वार्निश दिलेलं! पॉलिशवाल्याच्या पोराला हा शब्द कोशात बघावा लागला नाही. त्या वाटेनं मी झपाट्यानं पुढं गेलो आणि अशा नावाशी पोचलो, जे आपल्या भागात कोणी नोंदवलेलंच नव्हतं.

सरांनीही माझ्या वाळवलेल्या नमुन्यांवर भिंग धरलं. मग चष्मा पुसला आणि त्याच दिवशी नागपूरला पत्र टाकलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तो एकदाच, तेव्हा.

मी घरी धावत गेलो. अब्बा पडवीत एका टेबलाला पॉलिशचा हात देत होते. मी नळी त्यांच्या हातात दिली, पुस्तकातलं वाक्य आधी इंग्रजीत मोठ्यानं वाचलं आणि मग त्यांच्यासाठी हिंदीत सांगितलं, "अब्बा, कुदरत खुद पॉलिश करती है!" ते हसले. नळी बोटांत फिरवली, बूच काढलं, नाकाशी नेली. हसू थांबलं.

"कौनसी बोतल से लिया?"

"ताक में की, हरी."

त्यांनी एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीनं चोळला आणि दोन बोटं चिकटून सुटल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. "बेटा," ते म्हणाले, "वो कोरा नई है. उसमें मैंने चपडी भिगा के ऊपर का निथार के रखा है. ये चमक मेरी है."

मला ते लगेच कळलं नाही. मग कळलं. लाख विरघळलेल्या स्पिरिटमधून मी कोळी काढत होतो, वाळवत होतो आणि प्रत्येक वेळी त्यांच्यावर अब्बांचं पॉलिश चढत होतं. हिरव्या काचेतून पिवळा रंग दिसला नव्हता. नळीत दिसला, तर त्याचं कारण मला पुस्तकातूनच सापडलं. आणि पत्र गेलं होतं.

अब्बांनी उपायही सांगितला. जुनं पॉलिश उतरवायचं तर कोरं स्पिरिट लागतं, तीनदा बदलून. परवान्यावरची शेवटची कोरी बाटली त्यांनी त्या टेबलासाठी ठेवली होती. ती माझ्यापुढे सरकवली आणि टेबलावर फडका टाकून काम थांबवलं. मी सातही कोळी धुतले. लाख उतरली, तसे पायही उतरले. वाळून ठिसूळ झालेले, एकेक गळून तळाशी बसले. उरली ती सुरकुतलेली पोटं. मंद, तपकिरी, बारीक केसांची. त्याहून वाईट म्हणजे, आता स्पष्ट दिसलं की ती सगळी पिल्लं होती. या जातींत नाव ठरतं ते वयात आलेल्या मादीच्या पोटाखालच्या एका इवल्याशा टणक ठिपक्यावरून. तो ठिपका सातांपैकी एकीलाही नव्हता. चमक असती तरीही मला ते नाव देण्याचा हक्क नव्हता.

लोहाऱ्याला पळत गेलो. पऱ्हाटी उपटून झाली होती. धुरे जाळले होते. तरोट्याच्या काळ्या काड्या पायाखाली मोडत होत्या. ती म्हातारी सरपण वेचत होती. माझा चेहरा पाहून तिनं त्या दिवशी थट्टा केली नाही. "आता कुठली कातीन, बापू," ती म्हणाली, "पान असन तं कातीन असन." मी तिथं राखेत बसून रडलो. ती उभी राहिली, मग जवळ येऊन तिनं आपला पाण्याचा भोपळा माझ्यापुढे ठेवला आणि पाठ करून पुन्हा काड्या वेचू लागली.

मी कळंबपर्यंत सायकल मारली. देवळाजवळचे मळे पाहिले, विहिरींच्या थारोळ्याशेजारचं गवत पाहिलं. दुसरे कोळी होते. माझा नव्हता. चार दिवस जेवण गेलं नाही. सरांना सांगायचं की नाही, हा विचार मी केला, हे लपवत नाही. नमुने मोडले, असं म्हणता आलं असतं. पत्र राहिलं असतं, नागपूर राहिलं असतं. कोणाला कळणार होतं? पण अब्बा समोर टेबलाजवळ बसलेले असत, त्याचं स्पिरिट मला दिल्यामुळे बोळा कोरडा, हात मांडीवर. पाचव्या दिवशी मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मीही भिंग धरलं होतं रे," ते म्हणाले. "मलाही दिसलं नाही." मग आवाज चढला. "आता काय लिहू मी? की माझा विद्यार्थी फर्निचर ओळखून राह्यला होता? दुसरं पत्र तर लिहावंच लागेल. पण नुसती चूक कळवून कोणाला जागा मिळत नाही. त्या पत्रासोबत तुझा खरा कोळी हवा. वयात आलेली मादी, सगळे पाय शाबूत. आठ दिवस थांबतो."

त्या आठ दिवसांतले सहा मी वाया घालवले. सातव्या दिवशी सकाळी अंगणात दात घासत बसलो होतो. अम्मा मेंदीच्या झुडपाला पाणी घालत होती. आमच्या अंगणात कमरेएवढी मेंदी होती. ईदला, लग्नाला अख्खी गल्ली पानं न्यायला यायची, म्हणून अम्मा तिला उन्हाळ्यातही सुकू देत नसे. पाण्याचे थेंब पडले आणि खालच्या फांद्यांत काहीतरी चमकलं. विस्कटलेले दोरे. त्यांत खाली उतरलेले चार-दोन ताणलेले धागे. मी जवळ गेलो. गुंत्यात मोहरीच्या दाण्याहून मोठा, टपोरा कोळी, आणि शेजारी फिकट गोल अंडकोश. मादी. माझी. चौकटीच्या आत.

मी मागे वळून पाहिलं. अम्मा तांब्या हातात धरून उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. चार दिवस जेवलो नव्हतो, ते ताट तिनंच उचललं होतं.

"यही है?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. कसमेची आठवण ना तिनं काढली, ना मी. ती तांब्या घेऊन आत गेली. मी तसाच बसून राहिलो. नळी खिशात होती. हात पुढं जात नव्हता. अब्बांच्या रेगमालाचा आवाजही त्या दिवसांत बंद होता, त्यामुळे घर इतकं शांत होतं की चुलीतलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं. शेवटी मी उठून आत गेलो, कपडे भरायची पत्र्याची पेटी काढली आणि वणीसाठी भरायला घेतली.

अम्मा मागून आली. तिच्या हातात अत्तराची रिकामी कुपी होती. कुपीत मेंदीचं एक पान, आणि पानावर ती. दहा बोटांपैकी एकाचाही धक्का लागलेला नव्हता. केरसुणीच्या काडीवर घ्यायची तिची वर्षानुवर्षांची सवय.

"कसम तेरी थी, मेरी नई," ती म्हणाली. "पकडी मैंने है. मारना तेरा काम. गुनाह आधा-आधा." मग लगेच, जरा दरडावून, "अंडों को हाथ नई लगाया. वो वहीं रहेंगे."

कोऱ्या स्पिरिटचे तळाशी उरलेले चार चमचे मी नळीत घेतले. या वेळी मी कोळी वाळवला नाही. स्पिरिटमध्ये बुडवूनच भिंगाखाली धरला. त्या दोन वाटांशी पुन्हा पोचलो आणि दुसऱ्या वाटेनं गेलो. मंद, केसाळ. पोटाखालचा ठिपका पुस्तकातल्या आकृतीशी रेघ न् रेघ जुळला. नाव निघालं ते अगदी साध्या, सगळीकडे आढळणाऱ्या जातीचं. त्यात नवं काहीच नव्हतं. पुढं तज्ज्ञांनी तेही नाव बदललं, असं ऐकतो. पण त्या दिवशी ते बरोबर होतं.

सरांनी दुसरं पत्र लिहिलं. पहिल्या पत्रातली चूक, ती कशी झाली आणि ती कोणी उघड केली, सगळं. पत्राबरोबर कोळी गेला. उत्तर आलं नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, मी पास झालो, गल्लीत पेढे वाटले. उत्तर आलं नाही. मामू आला आणि मी त्याच्याबरोबर वणीला गेलो. ट्रकखाली पोत्यावर पडून मी नटबोल्ट सोडवत होतो. पाठ कोळशाच्या भुकटीनं काळी व्हायची. मामू प्रेमळ होता, त्यामुळे तक्रारही करता येईना. नवव्या दिवशी सरांचं कार्ड आलं. त्यांनी एकच ओळ लिहिली होती, "बोलावलं आहे, सोमवारी नागपूरला पोच, नळी परत आली आहे, आतल्या चिठ्ठीची शाई उतरली आहे, नवी लिहून सोबत घे." मामूनं कार्ड दोनदा वाचून घेतलं. मग आपल्या हातानं माझी पाठ रॉकेलनं पुसली आणि म्हणाला, "जा. मकडी ने तेरे को छुडाया." आज मी जो काही आहे तो या चार-पाच माणसांमुळे आहे, आणि त्यातल्या एकाचेही मी जिवंतपणी नीट आभार मानले नाहीत.

निघायच्या सकाळी पडवीत बसून मी नवी चिठ्ठी लिहिली. यवतमाळ. अंगणातली मेंदी. जमिनीपासून दीड वीत. ओळखणारा, म्हणून माझं नाव. पकडणारा, या ओळीशी मी क्षणभरही थांबलो नाही. अम्मा बाजूला डबा बांधत होती. अक्षर तिला येत नव्हतं, पण माझं लिहिणं ती नेहमी टक लावून पाहायची.

"क्या लिखा?"

मी वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचली, "पकडणारी, जैतुनबी."

तिचा डबा बांधणारा हात थांबला. तिनं चिठ्ठी बोटानं जवळ ओढली, काळ्या शाईच्या त्या आकाराकडं बराच वेळ पाहिलं.

"मेरा नाम लिख भी दिया?" ती म्हणाली. "अब तो ऊपर जाके मुकर भी नई सकती."